न रडलेल्या आईचा खटला

आपल्याकडे घरात मृत्यू झाला की जमलेल्या जाणत्या बायका आधी एक गोष्ट बघतात. घरची बाई रडते आहे ना? ती धाय मोकलून रडत असेल तर तिला रडू देतात. पण ती नुसतीच भिंतीकडे बघत बसली असेल, तर कुणीतरी काळजीनं म्हणतं, "हिला रडवा गं कुणीतरी. आत दाबून ठेवलं तर छातीत बसेल." न रडणाऱ्या बाईची आपल्या आज्यांना काळजी वाटायची. तिचा संशय यायचा नाही.

मे २००८ मध्ये मात्र आपल्या देशानं उलटं केलं. दिल्लीजवळच्या नोएडात राहणाऱ्या नूपुर तलवार एका इंग्रजी वृत्तवाहिनीवर बोलायला बसल्या. काही दिवसांपूर्वीच त्यांची एकुलती एक मुलगी आरुषी राहत्या घरात मारली गेली होती आणि त्याच खुनासाठी नवऱ्याला अटक झाली होती. नूपुर सपाट आवाजात बोलत होत्या. चेहरा घट्ट, डोळे कोरडे. नवरा निर्दोष आहे, असं त्या सांगत होत्या. ते कुणी ऐकलं की नाही कोण जाणे, पण घराघरांतून एक प्रश्न मात्र विचारला गेला, "ही आई रडत कशी नाही?"

तो प्रश्न पुढे नऊ वर्षं त्यांच्या मागे लागला. त्याच प्रकरणावर २०१५ मध्ये 'तलवार' नावाचा हिंदी चित्रपट आला. आज तो चित्रपट पुन्हा बघताना खून कुणी केला यापेक्षा दुसराच प्रश्न जास्त छळतो. एखाद्या आईचा चेहरा पाहून आपण तिला खुनी ठरवतो, ते नेमकं कशाच्या जोरावर?

जलवायू विहारमधली ती रात्र

नूपुर या माहेरच्या चिटणीस. वडील हवाई दलात ग्रुप कॅप्टन होते. राजेश तलवार पंजाबी कुटुंबातले. दोघेही दंतवैद्य. नोएडाच्या सेक्टर २५ मधल्या जलवायू विहार वसाहतीत त्यांचं घर होतं आणि नूपुरचे आईवडीलही त्याच वसाहतीत राहायचे. आरुषीचं आजोळ चालत जाण्याच्या अंतरावर होतं.

१६ मे २००८ च्या सकाळी आरुषी तिच्या खोलीत मृतावस्थेत सापडली. ती १३ वर्षांची होती. २४ मे रोजी तिला चौदावं वर्ष पूर्ण होणार होतं. घरात राहून काम करणारा हेमराज हा नेपाळी गृहस्थ दिसत नव्हता. पोलिसांनी लगेच निष्कर्ष काढला, हेमराज खून करून पळाला. त्याला पकडून देणाऱ्याला बक्षीसही जाहीर झालं.

गच्चीच्या दाराला कुलूप होतं आणि त्या भागात रक्ताचे डाग होते. तरी पहिल्या दिवशी ते दार कुणी उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी कुलूप तोडलं तेव्हा वर हेमराजचा मृतदेह सापडला. ज्याच्यावर खुनी म्हणून शिक्का बसला होता, तो स्वतःच बळी होता. त्याच दिवशी या तपासाचा पाया खचला. घरात नातेवाईक, शेजारी, पोलीस, पत्रकार अशा सगळ्यांची ये-जा चालू होती. बोटांचे ठसे, रक्ताच्या खुणा, सगळं त्या गर्दीत तुडवलं गेलं.

२३ मे रोजी राजेशना अटक झाली. त्या दिवशीच्या पत्रकार परिषदेत एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यानं मुलगी आणि हेमराज यांच्यात संबंध असल्याची गोष्ट सांगितली आणि तिच्या चारित्र्याबद्दल नको ते शब्द वापरले. बोलताना त्यांनी तिचं नावही चुकवलं. आरुषीला ते 'श्रुती' म्हणाले. ज्या मुलीचं नाव धड माहीत नाही, तिच्या शीलाबद्दल मात्र ठाम मत होतं. 'तलवार' चित्रपटातल्या मुलीचं नाव श्रुती आहे.

बेंगळुरूची प्रयोगशाळा

मे महिन्याच्या अखेरीस तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे, म्हणजे सीबीआयकडे गेला. या पहिल्या पथकानं संशयाची दिशा बदलली. तलवार यांच्या दवाखान्यातला एक मदतनीस आणि ओळखीच्या, शेजारच्या घरांत काम करणारे दोन तरुण ताब्यात घेतले गेले. यांपैकी दवाखान्यातल्या मदतनिसाला जून २००८ मध्ये बेंगळुरूला आणून त्याची नार्को चाचणी केली.

त्या काळात देशभरातले पोलीस अडलेली प्रकरणं घेऊन बेंगळुरूच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे येत. बनावट मुद्रांक घोटाळ्यातल्या, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या अब्दुल करीम तेलगीची चाचणीही इथलीच. सोडियम पेंटोथाल नावाचं औषध शिरेतून दिलं की माणूस अर्धवट गुंगीत जातो, मनावरचा लगाम सुटतो आणि तो बोलू लागतो. अडचण अशी की गुंगीतला माणूस खरंच बोलेल याची खात्री नसते. तो आठवणी, कल्पना आणि समोरच्यानं प्रश्नातूनच सुचवलेलं उत्तर यांची सरमिसळ करू शकतो. पण 'नार्कोत कबूल केलं' हे तीन शब्द वाहिन्यांवर फिरू लागले की ऐकणाऱ्याला ते थेट न्यायनिवाड्यासारखे वाटतात.

दोन वर्षांनी, ५ मे २०१० रोजी, 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की माणसाच्या संमतीविना नार्को, खोटं पकडणारी पॉलिग्राफ चाचणी किंवा मेंदूची चाचणी करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कुणावर करता येत नाही, हे राज्यघटनेच्या कलम २० (३) मध्ये आहे. आज पोलीस ठाण्यात उभ्या राहणाऱ्या कोणत्याही माणसाला हे संरक्षण आहे आणि त्या निकालाच्या नावात कर्नाटक आहे.

११ जुलै २००८ रोजी राजेश जामिनावर सुटले. सीबीआयनं त्यांच्याविरुद्ध पुरावा नसल्याचं सांगितलं होतं. तिन्ही मदतनिसांवरही ठरलेल्या ९० दिवसांत आरोपपत्र दाखल झालं नाही, म्हणून तेही सुटले. पुढे २००९ मध्ये सीबीआयचं पथकच बदललं. नव्या पथकानं पुन्हा आईवडिलांकडे बोट दाखवलं. म्हणजे दोन मृतदेह तेच, घर तेच, रक्ताचे नमुने तेच आणि तपास करणारी संस्थाही तीच, पण तिनं सांगितलेल्या गोष्टी मात्र दोन.

तपास बंद करू नका म्हणाले आणि आरोपी झाले

डिसेंबर २०१० मध्ये सीबीआयनं प्रकरण बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला. संशय राजेश यांच्यावर, पण खटला चालवण्याइतका पुरावा नाही, असा त्याचा सूर होता. तलवार दांपत्यानं या अहवालाला विरोध केला. तपास बंद करू नका, पुढे चालवा, अशी त्यांची मागणी होती. फेब्रुवारी २०११ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी तो अहवाल नाकारला, पण तलवारांना हवा होता तसा नाही. त्यांनी त्याच कागदांच्या आधारावर राजेश आणि नूपुर या दोघांनाही खुनाच्या आरोपाखाली हजर व्हायला सांगितलं. इथं पहिल्यांदा आई कायद्याच्या भाषेत आरोपी झाली.

त्याच्या थोडं आधी, जानेवारी २०११ मध्ये, गाझियाबादच्या न्यायालयाच्या आवारात एका तरुणानं राजेश यांच्यावर कोयत्यासारख्या हत्यारानं वार केले होते. खटला सुरू व्हायच्या आधीच बाहेर शिक्षेची अंमलबजावणी सुरू झाली होती.

३० एप्रिल २०१२ रोजी नूपुर न्यायालयात शरण गेल्या आणि त्यांची रवानगी डासना तुरुंगात झाली. सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळेपर्यंत सप्टेंबर उजाडला. खटला चालला आणि २५ नोव्हेंबर २०१३ रोजी विशेष न्यायालयानं दोघांना दोषी ठरवलं. दुसऱ्या दिवशी जन्मठेप.

हा निकाल परिस्थितिजन्य पुराव्यावर उभा होता. प्रत्यक्ष पाहणारा कुणी नाही. हत्यार कोणतं, हेही तपासाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर बदलत गेलेलं. कधी कुकरी, कधी गोल्फची काठी. मुख्य तर्क असा, की घरात रात्री चार माणसं होती, सकाळी दोन मेलेली आणि दोन जिवंत. मग काय झालं ते जिवंत राहिलेल्यांनीच सांगायला हवं.

न्यायालयानं मोजलेल्या कारणांपैकी एक कारण वाचताना मात्र थांबायला होतं. आईवडिलांचे कपडे रक्तानं माखलेले नव्हते. मुलीला तशा अवस्थेत पाहिल्यावर आईवडील तिला कवटाळणार नाहीत, हे अस्वाभाविक आहे, असं न्यायालयाला वाटलं.

म्हणजे टीव्हीसमोर बसून आपण विचारलेला तोच प्रश्न निकालपत्रात येऊन बसला होता. शोक कसा करायचा याची एक ठरलेली पद्धत आहे आणि ही आई त्या पद्धतीनं वागली नाही.

गंमत नव्हे, पण विलक्षण गोष्ट अशी की आई रडली याची साक्ष त्याच खटल्यात होती. त्या सकाळी सगळ्यांत आधी घरी पोचलेल्या कामवाल्या बाईंनी न्यायालयात सांगितलं होतं, की नूपुर त्यांच्या गळ्यात पडून रडू लागल्या आणि आत जाऊन बघ काय झालंय ते, असं म्हणाल्या. पण बंद दारामागचं ते रडणं कॅमेऱ्यानं टिपलं नव्हतं. कॅमेऱ्यानं टिपला तो कोरडा चेहरा, आणि लोकांच्या लक्षात तोच राहिला.

एकच चेहरा, निरनिराळ्या गोष्टी

'तलवार' २ ऑक्टोबर २०१५ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा नूपुर आणि राजेश डासना तुरुंगात होते आणि त्यांचं अपील उच्च न्यायालयात पडून होतं. दिग्दर्शन मेघना गुलजार यांचं, पटकथा विशाल भारद्वाज यांची. या पटकथेला पुढे राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. नावं बदललेली आहेत. तलवारांचे टंडन झाले, सीबीआयची सीडीआय झाली. इरफान खान यांनी तपास अधिकारी अश्विन कुमार रंगवला आहे. सीडीआयच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या भूमिकेत बेंगळुरूचे रंगकर्मी प्रकाश बेळवाडी आहेत. नीरज कबी वडील झाले आहेत आणि आईच्या, नूतन टंडनच्या भूमिकेत कोंकणा सेन शर्मा.

चित्रपटाची बांधणी साधी पण धारदार आहे. पोलिसांची कथा, पहिल्या पथकाची कथा, दुसऱ्या पथकाची कथा. एकच रात्र आपण पुन्हा पुन्हा पाहतो आणि दर वेळी खुनी वेगळा. अकिरा कुरोसावा यांनी १९५० च्या 'राशोमोन' या जपानी चित्रपटात एकाच गुन्ह्याच्या निरनिराळ्या कथा सांगितल्या होत्या, त्याची आठवण होतेच.

कोंकणाचं काम इथं फार अवघड आहे. एका कथेत ती हादरलेली, निष्पाप आई आहे. दुसऱ्या कथेत ती गुन्ह्यात सामील आहे. दोन्हींत ती फारशी बोलत नाही. हातवारे नाहीत, आक्रोश नाही. जवळजवळ तोच चेहरा आहे आणि आपण मात्र दर वेळी त्यात वेगळं काहीतरी वाचतो. पहिल्यांदा तिचं गप्प राहणं आपल्याला धक्का वाटतो, दुसऱ्यांदा तेच गप्प राहणं कावेबाज वाटतं. पडद्यावर बदललेली असते फक्त आजूबाजूची गोष्ट. हे लक्षात येतं तेव्हा खुर्चीत जरा चुळबुळ होते, कारण २००८ मध्ये आपण नेमकं हेच केलेलं असतं.

चित्रपटाच्या अखेरीस दोन्ही पथकं एका टेबलाभोवती बसून आपापली बाजू मांडतात. तिथले संवाद ऐकून हसू येतं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटते. त्या खोलीत कुणाच्या तरी आयुष्याची विल्हेवाट लागत असते आणि साहेब लोक कोट्या करत असतात.

एक सूचना. हा चित्रपट पूर्ण कुटुंबानं पाहावा असा असला तरी लहान मुलांना सोबत घेऊ नका. रक्तपाताची दृश्यं आहेत आणि मुलीच्या चारित्र्याबद्दलची ती घाणेरडी बोलणीही आहेत. आठवी-नववीच्या पुढची मुलं असतील तर जरूर पाहा आणि नंतर त्यांच्याशी बोला.

ऑस्ट्रेलियातली लिंडी

आईच्या कोरड्या डोळ्यांवर खटला चालवणारा आपला देश पहिला नाही. १७ ऑगस्ट १९८० रोजी ऑस्ट्रेलियात उलुरू या प्रचंड खडकाजवळ चेंबरलेन कुटुंब तंबू ठोकून मुक्कामाला होतं. रात्री त्यांची नऊ आठवड्यांची मुलगी अझारिया तंबूतून नाहीशी झाली. डिंगोनं, म्हणजे तिथल्या रानकुत्र्यानं, माझं बाळ नेलं, असं आई लिंडी ओरडून सांगत होत्या. पहिल्या चौकशीत ते मान्यही झालं.

पण लोकांना ते पटेना. लिंडी टीव्हीवर शांतपणे बोलायच्या. व्यवस्थित कपडे घालायच्या. बाळाचं काय झालं असेल ते न अडखळता सांगायच्या. ही कसली आई, अशी कुजबुज सुरू झाली. त्यांचा पंथ अल्पसंख्य होता, त्यावरूनही नरबळीपर्यंतच्या अफवा उठल्या. पुन्हा चौकशी झाली. गाडीत बाळाचं रक्त सापडल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं आणि १९८२ मध्ये लिंडींना सक्तमजुरीसह जन्मठेप झाली. त्या वेळी त्या गरोदर होत्या. मुलगी झाली ती कैदेत असतानाच.

१९८६ मध्ये उलुरूच्या पायथ्याशी योगायोगानं अझारियाचं छोटं जाकीट सापडलं. आईनं त्या रात्री बाळाच्या अंगात ते होतं असं पहिल्यापासून सांगितलं होतं आणि त्यावर कुणाचा विश्वास बसला नव्हता. लिंडी सुटल्या. गाडीतलं ते 'रक्त' मुख्यतः कारखान्यात आवाज कमी करण्यासाठी मारलेल्या रसायनाचा फवारा होता, असं पुढे निघालं. १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली आणि त्याच वर्षी फ्रेड शेपिसी यांचा 'अ क्राय इन द डार्क' हा चित्रपट आला. त्यातल्या लिंडीसाठी मेरिल स्ट्रीप यांना कान महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. स्ट्रीपनं लिंडीला गोड करून दाखवलेलं नाही. ती तुटक बोलते, चिडते, कधी कधी आवडतही नाही. आवडत नाही म्हणजे खुनी नाही, एवढंच चित्रपट सांगतो. डिंगोनंच बाळ नेलं, हा अधिकृत निष्कर्ष यायला मात्र जून २०१२ उजाडलं. तब्बल ३२ वर्षं.

त्याच देशात कॅथलीन फोल्बिग या आईला आपल्याच चार मुलांच्या मृत्यूबद्दल २००३ मध्ये शिक्षा झाली. तिच्याविरुद्ध तिची स्वतःची रोजनिशी वाचली गेली. मुलं गेल्यावर स्वतःला दोष देत लिहिलेल्या ओळी कबुलीजबाब मानल्या गेल्या. पुढे जनुकांच्या अभ्यासातून, निदान काही मुलांच्या मृत्यूमागे हृदयाशी संबंधित नैसर्गिक कारण असू शकतं, असं समोर आलं. २०२३ मध्ये तिला माफी मिळाली आणि मग शिक्षाही रद्द झाली. लिंडींनी भावना दाखवल्या नाहीत म्हणून त्या गुन्हेगार, कॅथलीननं त्या वहीत उतरवल्या म्हणून ती गुन्हेगार. आई कशीही वागली तरी ऐकणाऱ्याचं मत आधीच ठरलेलं असेल तर तिची सुटका नाही.

उच्च न्यायालय काय म्हणालं?

१२ ऑक्टोबर २०१७ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयानं नूपुर आणि राजेश या दोघांनाही निर्दोष सोडलं. निकालातला एक मुद्दा सगळ्यांनी समजून घ्यावा असा आहे.

तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम १०६ नुसार, जी गोष्ट फक्त एखाद्यालाच माहीत असू शकते, ती सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर यायची. 'घरात तुम्हीच होता, मग तुम्हीच सांगा' हा तर्क तिथूनच येतो. पण उच्च न्यायालयानं सांगितलं की ही जबाबदारी आरोपीवर टाकण्याआधी सरकार पक्षानं आपली बाजू पुराव्यानं उभी करायला हवी. त्या रात्री घरात दुसरं कुणीच येऊ शकत नव्हतं, हे आधी सिद्ध व्हायला हवं. ते झालंच नव्हतं. हेमराजला आरुषीच्या खोलीत मारलं, असं सांगितलं जात होतं, पण तिच्या खोलीतल्या अंथरुणावर त्याच्या रक्ताचा मागमूस नव्हता. दाराच्या कडीबद्दल जिच्या साक्षीवर मोठी भिस्त होती, त्या कामवाल्या बाईंनी उलटतपासणीत सांगितलं होतं की मला जे शिकवलं गेलं तेच मी बोलते आहे.

खंडपीठातल्या एका न्यायमूर्तींनी वेगळं मत जोडून खालच्या न्यायालयावर कडक ताशेरे ओढले. गणिताचा मास्तर आधी काहीतरी गृहीत धरून कोडं सोडवतो तसं न्यायाधीशांनी केलं, आणि एखाद्या चित्रपट दिग्दर्शकासारखी विखुरलेल्या तुकड्यांतून स्वतःच एक कथा रचली, असा त्याचा आशय होता. चित्रपटवाल्यांनी न्यायालयाची नक्कल करावी हे समजतं. इथं न्यायालयानंच चित्रपट रचला, असं वरच्या न्यायालयाला म्हणावं लागलं.

१६ ऑक्टोबरला दोघं डासना तुरुंगातून बाहेर आले. आत असताना त्यांनी कैद्यांचे दात तपासण्याचं काम केलं होतं. बाहेर आल्यावर ते जलवायू विहारमध्येच, चिटणीसांच्या घरी गेले. या निकालाविरुद्ध सीबीआयनं केलेलं अपील सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दाखल करून घेतलं.

चित्रपटालाही एक प्रश्न

इथं 'तलवार'बद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. चित्रपट आपल्याला सांगतो की घाईनं कुणाकडे बोट दाखवू नका. पण त्याचा स्वतःचा कल लपत नाही. इरफानच्या बाजूनं आपलं मन झुकतं आणि इरफानच्या कथेत खुनी आहेत ते गरीब मदतनीस. गुंगीच्या औषधाखालची त्यांची बडबड पडद्यावर फार खरी वाटते.

ज्यांच्यावरून ही पात्रं घेतली, त्यांच्यावर प्रत्यक्षात कधी आरोपपत्रसुद्धा दाखल झालं नाही. त्यांच्याकडे इंग्रजी वाहिन्यांवर बोलायला माणसं नव्हती, त्यांच्या बाजूनं कुणी पुस्तक लिहिलं नाही. आईला न्याय मिळावा म्हणून ज्यांच्याविरुद्ध पुरावा टिकला नाही त्यांना प्रेक्षकांच्या मनात दोषी ठरवायचं, तर आपण त्याच चुकीकडे दुसऱ्या दारानं परत जातो. नूपुर यांच्या चेहऱ्यावरून गुन्हा ठरत नसेल, तर तो दुसऱ्या कुणाच्या गरिबीवरून किंवा गुंगीतल्या बोलण्यावरूनही ठरत नाही.

आणि हेमराज? त्याच्या मरणाचे पहिले २४ तास तो खुनी म्हणून गाजला. पुढची कित्येक वर्षं एका घाणेरड्या कथेतलं पात्र म्हणून त्याचं नाव घेतलं गेलं. नेपाळमध्ये त्याची बायको होती, घर होतं. तिचा चेहरा रडवेला होता की कोरडा, हे बघायला कुठली वाहिनी गेली नाही. तलवार सुटल्यावर तिनंही सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं, कारण तिच्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नव्हतं.

आपल्या हातातला फोन

२००८ मध्ये संशय पसरवायला वाहिन्या लागायच्या. आता ते काम आपल्या हातातल्या फोनवर होतं. एखाद्या घरात काही अघटित घडतं आणि तासाभरात त्या आईचा वीस सेकंदांचा व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर येतो. खाली कुणीतरी लिहिलेलं असतं, 'हिचा चेहरा बघा, काही वाटतंय का हिला?' आपण अंगठा उचलतो आणि पुढे ढकलतो.

अशा वेळी स्वतःला दोन-तीन गोष्टी विचारायला काही मिनिटंही लागत नाहीत. या व्हिडिओत पुरावा कोणता आहे आणि माझा अंदाज कोणता? ही माहिती कुणी दिली, तपास अधिकाऱ्यानं नाव घेऊन की 'सूत्रांनी'? आणि मी जे पुढे पाठवतोय ते उद्या खोटं निघालं, तर ज्या शंभर जणांनी ते वाचलं त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोचवणार कोण?

माणसं दुःखात कशीही वागतात. कुणी टाहो फोडतं. कुणी आलेल्यांना चहा हवा का विचारत फिरतं. कुणी तिसऱ्या दिवशी कामावर जातं आणि सहा महिन्यांनी भाजी चिरता चिरता ढसाढसा रडतं. मन सुन्न होतं तेव्हा भावना गोठतात, ही शरीराची स्वतःला सावरण्याची रीत आहे. आपल्या आज्यांनी हे मानसशास्त्राची पुस्तकं न वाचताच ओळखलं होतं. म्हणून तर त्या न रडणाऱ्या बाईच्या शेजारी जाऊन बसायच्या.

आरुषी आणि हेमराज यांना कुणी मारलं, या प्रश्नाचं उत्तर २०१७ च्या निकालानं दिलं नाही. देणं शक्यही नव्हतं, कारण ते उत्तर ज्या खुणांमध्ये होतं त्या पहिल्या दोन दिवसांतच पुसल्या गेल्या. सगळे आईचे डोळे बघत होते आणि गच्चीच्या दाराकडे बघायचं राहून गेलं.